शनिवारचं श्राद्ध

तीस-पस्तीस वर्षं नर्सिंग केलं की घरात भांडी कमी आणि किस्से जास्त होतात. भांडी निदान घासून पालथी घालता येतात. किस्से पालथे राहत नाहीत. चार पाहुणे जमले, की आपले आपणच उलटून बसतात! माझी सून म्हणते, "आई, जेवताना हॉस्पिटल नको हं." म्हणून मी ताटं उचलल्यावर सुरू करते.

हे सगळे किस्से एकाच खोलीतले आहेत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी अंबाजोगाईहून नुकतीच पिंपरीला आले होते. मुंबई-पुणे रस्त्यालगत कामगारांसाठी चालवलेलं आमचं छोटंसं हॉस्पिटल होतं, वर पत्रा आणि खाली शहाबादी फरशी. दामलेसर तिथले मुख्य डॉक्टर. उंच, किडकिडीत, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, आपण दहावीचा पेपर कोरा दिलाय.

दर शनिवारी ओपीडी संपली की सर आम्हा सगळ्यांना एक्सरेच्या शेजारच्या खोलीत बसवायचे आणि त्या आठवड्यात शॉकनं गेलेल्या पेशंटची चर्चा करायचे. शॉक म्हणजे विजेचा नव्हे, बरं का! रक्तदाब एकदम कोसळतो, अंगात कुठंच पुरेसं रक्त पोचत नाही आणि माणूस डोळ्यांदेखत हातातून निसटायला लागतो, त्याला डॉक्टर शॉक म्हणतात. फळ्यावर चार रकाने आखलेले असत: रक्त गेल्यानं, हृदय थकल्यानं, जंतू अंगात भिनल्यानं, औषध उलटल्यानं. गेलेला माणूस कुठल्या रकान्यातला, त्याचे पाय गार होते की गरम, मानेच्या शिरा फुगल्या होत्या की बसल्या होत्या, तहान होती का, तो काय बोलत होता, हे सगळं शेजारी शेजारी मांडायचं.

"चौघंही शॉकनं गेले असं लिहून मोकळे होऊ नका," सर म्हणायचे. "चौघं चार वाटांनी गेलेत. ती वाट आज नीट बघितलीत, तर पुढच्याला तिच्यावर अर्ध्यात अडवता येईल."

आमचे वॉर्डबॉय सखारामभाऊ मावळातले, पिकल्या मिशांचे. त्यांनी या मीटिंगचं नाव 'शनिवारचं श्राद्ध' ठेवलं. चहा-बिस्किटं असायचीच, त्यामुळे नाव चिकटलं.

हॉस्पिटलच्या ट्रस्टींना मात्र या मीटिंगचा भयंकर धसका होता. "मेलेल्या माणसाची चिरफाड डॉक्टर चहा पीत करतात हे बाहेर कळलं, तर उद्या गेटवर मोर्चा! एक जरी नातेवाईक त्या खोलीत शिरून ओरडला, की मीटिंग कायमची बंद." आणि मीटिंग बंद झाली तर आपण राजीनामा देऊ, हे सरांनीही सांगून टाकलं होतं. त्यामुळे दर शनिवारी आमचा अर्धा जीव फळ्याकडे आणि अर्धा दाराकडे असायचा.

* * *

सरांचा पहिला नियम, पेशंटजवळ गेलात की आधी पायाला हात लावा. पाय कुठपर्यंत गार आहेत, बोटांपर्यंत की गुडघ्यापर्यंत, यावरून बरंच काही कळतं.

त्या वर्षी डॉ. काळे नवे आले होते. पोरसवदा, हुशार, अंगावर इस्त्रीचा कोट. पहिल्याच दिवशी चाकणकडची एक म्हातारी आली. पाय कुजलेला, ताप फणफणलेला, प्रेशर जवळजवळ नाही. काळेंनी आज्ञाधारकपणे वाकून दोन्ही हात तिच्या पावलांना लावले.

म्हातारी तशा तापातही दचकली. थरथरता हात उचलून काळेंच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "शंभर वर्सं जग लेकरा! पन पाया नंतर पड. आधी मला बरं कर."

पाय गरम, नाडी पळतेय, प्रेशर नाही, म्हणजे जंतूंचा शॉक. काळेंनी बरोबर ओळखलं आणि म्हातारी वाचली. घरी जाताना सगळ्या वॉर्डाला सांगून गेली, "डागदर लई संस्कारी हाय!"

* * *

मे महिन्यात पत्र्याखालचा तो वॉर्ड म्हणजे भट्टी. एका शनिवारी काळेंनी तीन केसेस मांडल्या आणि तिन्ही रकान्यांत लिहिलं, 'दरदरून घाम'.

सरांनी विचारलं, "तिघांनाही?"

"हो सर."

"कपाळाला हात लावून बघितलात? घाम गार होता की गरम?"

काळे वहीत बघायला लागले. सरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. बिचाऱ्यांच्या कॉलरमधून धारा लागल्या होत्या.

"काळे, घाम तर तुम्हालाही दरदरून आलाय. तुम्हाला कुठल्या रकान्यात टाकू?"

आम्ही हसलो, सर हसले नाहीत. त्यांनी डस्टर घेतलं आणि तिन्ही घाम पुसून टाकले. "जे डोळ्यांनी बघितलं नाही, हातानं चाचपलं नाही, ते या फळ्यावर येणार नाही," म्हणाले. काळेंचा चेहरा एवढा पडला, की मला त्यांची दया आली आणि मी माझं बिस्कीट त्यांना देऊन टाकलं.

* * *

रक्त गेलेल्या पेशंटच्या कॉटचे पायाकडचे पाय विटांवर चढवायची तेव्हा पद्धत होती, म्हणजे पायांतलं रक्त डोक्याकडे येतं. विटा लावायचं काम सखारामभाऊंचं. आता विटा लागतात त्या सगळ्यात गंभीर पेशंटला, आणि तेच जास्त दगावतात. त्यामुळे नातेवाइकांनी सरळ हिशेब मांडला की ज्याच्या कॉटखाली विटा लागल्या, तो गेला!

कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसशॉपमधल्या एका कामगाराची आई गावाहून आली होती. मुलाची मांडी फाटली होती, रक्त बरंच गेलं होतं. सखारामभाऊंनी विटा लावल्या आणि चहाला गेले. परत येऊन बघतात तर कॉट सपाट! विटा गायब! त्यांनी पुन्हा लावल्या. पुन्हा गायब!

शेवटी मी शोधायला लागले. आजीबाई व्हरांड्यात लुगडं पसरून, अंग चोरून बसल्या होत्या. म्हटलं, "आजी, जरा उठता का?"

"न्हाई उठायची."

"अहो, विटा हव्यात."

"तुमाला घर बांधायचं आसंल तर दुसऱ्या आना. माज्या पोराखाली न्हाई लावू द्यायची!"

तो मुलगा चांगला टुणटुणीत बरा झाला. आजीबाई गावभर सांगत सुटल्या, की विटांवर बसून मीच त्याला वाचवला.

पण विटांचा दुसरा किस्सा असा हसण्यासारखा नाही. एका कंपनीतले अकाउंटंट आले. छातीत कळ, अंग गार, प्रेशर पडलेलं. सखारामभाऊंनी सवयीनं विटा लावल्या आणि माणूस गुदमरायला लागला. सर धावत आले, विटा काढल्या, पाठीशी उशा रचल्या. हृदयच थकलेलं, वरून आणखी रक्त ढकललं तर त्यानं काय करावं? ते गृहस्थ तासाभरात गेले. सर म्हणाले, विटा नसत्या तरी गेले असते. पण सखारामभाऊ दोन दिवस जेवले नाहीत.

शनिवारी सरांनी त्यांना मुद्दाम खोलीत बोलावून घेतलं, शेजारी बसवलं आणि दोन्ही रकाने समजावून सांगितले. त्यानंतर कुठलाही गंभीर पेशंट आला, की सखारामभाऊ एका हातात वीट, दुसऱ्या हातात उशी घेऊन दारातच उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, "सायेब, इटा का उशी?"

पुण्याहून आलेले एक मोठे डॉक्टर ते ऐकून म्हणाले, "हा प्रश्न मी परीक्षेत विचारतो, तर अर्धी पोरं नापास होतात!"

* * *

सुरुवातीला फळ्यावर पेशंटचं नाव नसायचं, कॉटचा नंबर असायचा. नाव नको, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको, असा विचार.

एका शनिवारी मीटिंग संपली आणि फळा पुसायचा राहिला. लातूरकडून फाउंड्रीत कामाला आलेला एक जण जुलाबासाठी आदल्या दिवशी भरती झाला होता. सलाइन संपलं, बरं वाटलं, म्हणून हा पाय मोकळे करायला निघाला आणि खिडकीतून त्यानं फळा वाचला. कॉट नंबर नऊ. खाली हातपाय गार, नाडी लागत नाही, मृत्यू. याची कॉट नऊच!

संध्याकाळी राउंडला नऊ नंबर रिकामा. शोधाशोध झाली. सखारामभाऊंना तो बसस्टॉपवर सापडला, हॉस्पिटलच्या कपड्यांत, काखेत गाठोडं.

मी विचारलं, "अहो, चाललात कुठं?"

"गावाकडं."

"बरे झाल्याशिवाय?"

"बरं कशाचं होतंय, सिस्टर? तुमी तर आधीच लिहून ठिवलंय. मग हितं मरन्यापरीस बायकोपशी जाऊन मरतो की!"

फळ्यावरचा नऊ नंबर चार दिवसांपूर्वीचा, दुसऱ्याचा, हे त्याला पटवता पटवता दोन बस गेल्या. शेवटी मी आमच्याकडच्या बोलीत त्याला झापलं, तेव्हा कुठं आला. सोमवारी ठणठणीत होऊन घरी गेला. जाताना काळेंना म्हणाला, "सायेब, त्यो नऊ नंबर तेवढा पुसा. दुसऱ्या कुनाचा जीव जायचा!"

* * *

औषध उलटण्याच्या रकान्यात वर्षाकाठी एखादंच नाव यायचं, पण ते सगळ्यांत जिव्हारी लागायचं. कारण माणूस साध्या दुखण्यासाठी आपल्या पायांनी दवाखान्यात आलेला असतो.

तळेगावकडच्या एका खेड्यात एक तरुण डॉक्टर प्रॅक्टिस करायचे. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि पेशंट तिथंच अंगभर पित्त उठून, घशाला सूज येऊन कोसळला. डॉक्टरांनी त्याला टेम्पोत घालून, स्वतःच्या मांडीवर डोकं घेऊन आमच्याकडे आणला. वाटेतच सगळं संपलं होतं. डॉक्टर ओपीडीच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडत होते. म्हणत होते, आता दवाखाना बंद करतो.

सरांनी त्यांना शनिवारी बोलावलं. आम्हाला वाटलं, आता याचं काही खरं नाही. पण सरांनी त्यांना स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला, आपल्या दोन जुन्या केसेस सांगितल्या आणि जाताना अॅड्रिनलिनचा, म्हणजे अशा वेळी जीव वाचवणाऱ्या इंजेक्शनचा, एक डबा दिला. "दवाखाना बंद करू नका. सुई टोचायच्या आधी हे भरून ठेवत जा," एवढंच म्हणाले.

त्यांनी ते फारच मनावर घेतलं. सहा महिन्यांनी त्यांच्या गावचा एक पेशंट आमच्याकडे आला. मी विचारलं, "तुमच्या गावात चांगले डॉक्टर आहेत की, मग एवढ्या लांब कशाला?"

"डागदर लई गुनाचा हाय, बाई. पन एका हातात माराया आन दुसऱ्या हातात जगवाया, आशा दोन सुया घिऊन म्होरं हुबा ऱ्हातो. बघूनच निम्मा जीव जातो न्हवं!"

* * *

मीटिंग बंद करायची म्हणून एकदा ट्रस्टीसाहेब स्वतः येऊन बसले. पांढरे शुभ्र कपडे, पायात मोजे आणि पॉलिशचे बूट, चेहऱ्यावर आठ्या. नेमकी त्या दिवशी हृदयाच्या शॉकची केस होती. वय पंचावन्न, वजन जास्त, स्वभाव तापट, कामाचा ताण. काळे एकेक मुद्दा लिहीत गेले, आणि साहेबांच्या आठ्या एकेक करून उतरत गेल्या.

मीटिंग संपली. आता फर्मान निघणार म्हणून आम्ही श्वास रोखून बसलो. साहेब खुर्चीवरून हलेनात. सगळे उठल्यावर हळूच वाकले, बूट काढले, मोजे काढले आणि दोन्ही पावलं सरांपुढं केली.

"दामले, जरा बघा हो. गार नाहीत ना?"

पाय चांगले गरम होते. जाताना साहेब म्हणाले, "चालू द्या तुमचं. पण दार लावून! आणि नातेवाइकांची अट कायम."

* * *

आता शेवटचा. हा मी सुनेलाही एकदाच सांगितलाय.

चाकणजवळच्या एका वाडीतला पंचविशीतला मुलगा. नवीनच नोकरी लागलेली. सकाळच्या शिफ्टला लोखंडाचा गठ्ठा क्रेनवरून सुटून पोटावर आदळला. कंपनीच्या गाडीतून आणला तेव्हा बोलत होता, पण ओठ पांढरे आणि पाय गुडघ्यापर्यंत गार. पोटात रक्त साचत होतं. सर्जन निघाले होते. रक्त हवं होतं, आणि ते पुण्यातच मिळणार. फोन लागेना, ड्रायव्हर रजेवर. दामलेसर मुलाच्या रक्ताचा नमुना खिशात घालून स्वतःच गाडी घेऊन गेले.

मुलगा सारखा पाणी मागत होता. ऑपरेशन करायचं म्हणून तोंडानं काही द्यायचं नव्हतं. मी त्याचा हात धरून सांगत होते, "थोडं थांब रे, थोडंच थांब." तो म्हणायचा, "बरं, अक्का." आणि परत मागायचा.

दुपारी सर आले. ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या रक्ताच्या बाटल्या छातीशी धरून वॉर्डात शिरले, तेव्हा मी मुलाच्या तोंडावर चादर ओढत होते. सर बराच वेळ तसेच बाटल्या धरून उभे राहिले. मुलाचे वडील वाडीवरून पोचले ते त्याच्याही नंतर.

शनिवारी दार लावून काळे ती केस मांडत होते. अर्ध्यातच दार उघडलं. डोक्याला मुंडासं, हातात पिशवी घेऊन ते वडील उभे. मृत्यूच्या दाखल्यासाठी आले होते आणि वॉचमननं सगळे डॉक्टर आत आहेत म्हणून सांगितलं होतं. काळेंनी झटकन फळ्यापुढं उभं राहून अंगानं तो झाकला. आज मीटिंगही गेली आणि सरही गेले, असं प्रत्येकाच्या मनात आलं.

सर म्हणाले, "या, बसा." त्यांनी स्वतःची खुर्ची दिली. मग काळेंना म्हणाले, "बाजूला व्हा. पुढं सांगा, आणि मराठीत सांगा."

काळे फळ्यावरून वाचायला लागले. "हातपाय गार होते. घाम गार होता. नाडी बारीक आणि वेगात. तहान... तहान खूप होती. शेवटपर्यंत पाणी मागत होता. तोंडानं काही दिलं नाही."

म्हातारबुवा फळ्याकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं. ओरडले नाहीत, रडलेही नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "तुमी लई केलं, सायेब. माजी काई तक्रार न्हाई. येकच इचारायचं व्हतं. त्याची आई तवापासनं धड जेवली न्हाई. घास घेती आन खाली ठिवती. म्हनती, जाताना माज्या पोराच्या तोंडात पानी कुनी घातलं का न्हाई, तेवढं इचारून या."

मी मान खाली घातली.

"घातलं," सर म्हणाले. "मी घातलं."

"तुमी?"

"शेवटी, हे सगळे धावपळीत होते तेव्हा. यांना ठाऊक नाही. दोन चमचे घातलं."

"कशाचं, सायेब?"

"नळाचं होतं. दुसरं काही जवळ नव्हतं."

"नळाला पवनामाईचंच पानी येतंय न्हवं?"

"हो. पवनेचंच."

"मंग झालं." ते उठले. सरांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटासुलटा करून नीट बघितला आणि आपल्या डोळ्यांना लावला. "सांगतो तिला," म्हणाले, आणि पिशवी उचलून गेले.

काळे खडू हातात धरून तसेच उभे होते. सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

"काळे," ते म्हणाले, "ती शेवटची ओळ पुसा. लिहा, तहान होती. पाणी दिलं."

काळेंनी सरांकडे बघितलं. मग वळून फळ्यावर लिहिलं.